१६ रंगांचे कार्ड आणि कुठेही न जोडलेली एक पिन

जुन्या संगणकाचे चित्र पडद्यावर पाठवणारे ते कार्ड माझ्या हाती आले तेव्हा त्यावर बनवणाऱ्याचे नाव कुठेही नव्हते. सुमारे ३३ सेंटीमीटर लांबीचा हिरवा बोर्ड, त्यावर ओळीने बसवलेल्या ५८ चिप्स, एका टोकाला ९ पिनांचा व्हिडिओ जोड आणि कोपऱ्यात छापलेला एक क्रमांक, एवढीच त्याची ओळख होती. चिप्सवरील तारखांचे आकडे ८५०९ ते ८५२३ यांच्या दरम्यानचे होते, म्हणजे त्या १९८५ सालच्या नवव्या ते तेविसाव्या आठवड्यात तयार झाल्या होत्या. संगणकात बसवल्यावर ते आयबीएमच्या कलर ग्राफिक्स ॲडॉप्टरसारखे, म्हणजे सीजीएसारखे, चालत होते. परंतु आयबीएमच्या सीजीएवर १६ किलोबाइट मेमरी असे, आणि या कार्डावर ४४१६ या प्रकारच्या चार चिप्स होत्या. अशा एका चिपमध्ये १६,३८४ जागा आणि प्रत्येक जागेत ४ बिट असतात, म्हणून चार चिप्सची मिळून ३२ किलोबाइट मेमरी होते. ती दुप्पट का, या प्रश्नापासून माझ्या कामाला सुरुवात झाली आणि ते दीड वर्ष चालले.

प्रश्नाचे उत्तर प्लँट्रॉनिक्सच्या कलरप्लस या कार्डात सापडले. १९८२ साली विक्रीस आलेल्या त्या कार्डाने सीजीएच्या चित्रपद्धतींमध्ये दोन पद्धतींची भर घातली होती. एकीत ३२० गुणिले २०० ठिपके १६ रंगांत दिसत, दुसरीत ६४० गुणिले २०० ठिपके ४ रंगांत दिसत. पहिल्या पद्धतीतील ६४,००० ठिपक्यांना सीजीएप्रमाणे प्रत्येकी २ बिट दिले तर १६,००० बाइट लागतात आणि ४ बिट दिले तर ३२,००० बाइट लागतात, त्यामुळे मेमरीचा हिशेब जुळला. या पद्धती चालू करण्यासाठी हेक्स ३डीडी या पोर्टवर, म्हणजे प्रोग्रॅमला कार्डाशी बोलता येते अशा ठरलेल्या क्रमांकावर, एक रजिस्टर (काही बिट धरून ठेवणारा कप्पा) असते आणि त्यातील ४, ५ व ६ क्रमांकाचे बिट हे काम करतात. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून त्या पोर्टवर योग्य बिट पाठवला आणि मेमरीच्या दोन्ही भागांत रंगपट्ट्या भरल्या. जिथे सीजीए फक्त ४ रंग दाखवू शकले असते, तिथे १६ रंगांच्या उभ्या पट्ट्या स्थिर उभ्या राहिल्या. त्या पाहताना, हे कार्ड नाहीसे होऊ द्यायचे नाही, असे मला फार तीव्रतेने वाटले.

त्याच आठवड्यात बोर्डाला गेलेला तडा लक्षात आला. स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्ट्यांच्या वर केसाएवढी रेघ उमटली होती, आणि तिच्यामुळे तुटलेले दोन ट्रॅक (वीज वाहणाऱ्या तांब्याच्या रेघा) पूर्वी कोणीतरी बारीक तारांनी सांधले होते. असे कार्ड आणखी किती काळ चालेल याचा भरवसा नव्हता, आणि ते बंद पडले असते तर दुरुस्तीसाठी सर्किट आकृतीचाही आधार नव्हता. म्हणून मी ठरवले की आकृती आपणच काढायची, तिच्यावरून नवा बोर्ड बनवून घ्यायचा, आणि हे सर्व मूळ कार्ड जिवंत ठेवून करायचे.

ही शेवटची अट कामाचे स्वरूप ठरवणारी होती. जुना बोर्ड उलगडण्याची सर्वांत खात्रीची रीत अशी आहे की सर्व चिप्स उपसून काढायच्या, उघड्या बोर्डाचे स्कॅन घ्यायचे, आणि गरज पडली तर वरचे हिरवे लेपन बारीक पॉलिश कागदाने घासून तांबे उघडे करायचे. बोर्डाला चार थर असतील तर घासत घासत आतल्या थरांपर्यंत जाण्यावाचून पुष्कळदा गत्यंतर नसते. मात्र या रीतीत मूळ वस्तू संपते. माझे कार्ड तेजस्वी दिव्यासमोर धरले तेव्हा ट्रॅक नसलेल्या जागांमधून प्रकाश सरळ आरपार येत होता. आत तांब्याचे सलग थर नव्हते आणि बोर्ड दोनच थरांचा होता, त्यामुळे तो न मोडता उलगडणे शक्य होते. फक्त चिप्सच्या पोटाखालून जाणारे ट्रॅक डोळ्यांना दिसणार नव्हते, आणि ते विजेच्या साहाय्याने शोधावे लागणार होते.

स्कॅनिंगमध्ये दोन अडचणी आल्या. ए४ आकाराच्या स्कॅनरची काच २९७ मिलिमीटरच्या आसपास लांब असते, त्यामुळे कार्ड दोन तुकड्यांत स्कॅन करून जोडावे लागले. शिवाय पातळ, हलक्या स्कॅनरमध्ये जो संवेदक असतो त्याला काचेला टेकलेलेच स्पष्ट दिसते, आणि चिप्सच्या उंचीमुळे वर राहणारा बोर्ड धूसर येतो. आरसा आणि भिंग असलेला जुन्या धाटणीचा जाड स्कॅनर मिळाल्यावरच उपयोगी चित्रे हाती आली. इंचाला १,२०० ठिपके या प्रमाणात एक ठिपका ०.०२ मिलिमीटरचा पडतो, आणि पाव मिलिमीटर रुंदीचा ट्रॅक बारा ठिपक्यांचा दिसतो, जे पुरेसे आहे. चित्राची मोजमापे खरी आहेत का हे तपासण्यासाठी मी स्लॉटच्या पट्ट्यांचाच उपयोग केला. एका बाजूला ३१ पट्ट्या असतात आणि दोन पट्ट्यांमधील अंतर २.५४ मिलिमीटर असते, म्हणून पहिल्या पट्टीच्या मध्यापासून शेवटच्या पट्टीच्या मध्यापर्यंतचे अंतर ७६.२ मिलिमीटर आलेच पाहिजे. माझ्या चित्रात ते एका दिशेने अर्ध्या मिलिमीटरहून अधिक चुकत होते आणि त्याप्रमाणे मी चित्र ताणून घेतले.

त्यानंतर कोणती पिन कोणाशी जोडलेली आहे हे मल्टिमीटरने तपासण्याचे काम सुरू झाले आणि ते तीन महिने चालले. ५८ चिप्सच्या मिळून साडेनऊशेहून अधिक पिना होत्या. प्रत्येक पिन प्रत्येक पिनेशी तपासायची म्हटले तर साडेचार लाख जोड्या होतात, आणि ते कोणाच्याही आवाक्यातले नाही. पण बोर्ड हा आंधळा गुंता नसतो. विजेच्या आणि जमिनीच्या पिना ठरलेल्या जागी असतात, मागच्या बाजूचे सर्व ट्रॅक दिसतात, आणि चिपचा क्रमांक कळला की तिच्या पिनांकडून काय अपेक्षा करायची हेही कळते. ७४एलएस२४५ दिसली की ती स्लॉटच्या डेटा तारांशी जोडलेली असणार, ७४एलएस१६६ हे शिफ्ट रजिस्टर दिसले की त्यात बाइट भरून ठिपके एकामागून एक बाहेर पडत असणार, असा अंदाज आधी करायचा आणि मग मीटरने तो खरा की खोटा ते ठरवायचे. अंदाजावर विसंबून एकही रेघ काढायची नाही, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला. मीटरच्या बझरनेही मला एकदा फसवले. तो ५० ओहमच्या आतील कोणत्याही जोडणीला वाजत होता, आणि मेमरीच्या तारांवर ३३ ओहमचे रोधक होते, त्यामुळे रोधकाच्या दोन्ही बाजू मला एकच तार वाटल्या. तेव्हापासून मी आवाज न ऐकता आकडा वाचू लागले.

आयबीएमने आपल्या टेक्निकल रेफरन्स पुस्तकात सीजीएची संपूर्ण सर्किट आकृती छापली होती. तिचा मला आधार झाला, पण मी ती नकाशासारखी वापरली नाही, कारण या कार्डाच्या रचनाकाराने तीच कामे निराळ्या चिप्सनी केली होती. दोन्ही ठिकाणी जे सारखे असणे भाग होते तेवढेच मी आधाराला घेतले, आणि त्यातील सर्वांत मोलाचा धागा ६८४५ या चिपचा होता. पडद्यावर कोणत्या क्षणी कोणती ओळ येईल हे ही चिप मोजते, पण उभ्या ओळींची तिची मोजणी ७ बिटांची असते, म्हणजे १२८ च्या पुढे जात नाही. २०० रेघांचे चित्र काढायचे तर १०० ओळी आणि प्रत्येक ओळीत २ रेघा अशी मांडणी करावी लागते. त्या दोन रेघांपैकी कोणती चालू आहे हे सांगणारी पिन चित्रपद्धतीत मेमरीच्या पत्त्याला जाऊन मिळते, म्हणून सीजीएच्या मेमरीत सम रेघा एका ठिकाणी आणि विषम रेघा तिथून ८,१९२ बाइट पुढे असतात. मी ६८४५ ची ती पिन धरून निघाले. एक वाट अक्षरांच्या रॉमकडे, म्हणजे अक्षरांचे आकार कायम साठवलेल्या चिपकडे, गेली आणि दुसरी दोन सिग्नलांतून एक निवडणाऱ्या ७४एलएस१५७ कडे. ती चिप सापडली आणि मेमरीच्या पत्त्यांचा सगळा भाग तिच्याभोवती सुटत गेला.

याच भागात काही तारांचा क्रम मला विस्कळीत दिसला. मेमरीच्या पत्त्यांच्या काही तारा एकमेकींच्या जागी गेल्या होत्या, आणि प्रथम मी तो माझ्या नोंदीतील घोटाळा समजले. तपासणी तिसऱ्यांदा केल्यावर कळले की नोंद बरोबर आहे. लिहिताना आणि वाचताना एकच क्रम वापरला जात असेल तर मेमरीला तारांच्या क्रमाने फरक पडत नाही, त्यामुळे रचनाकाराने ट्रॅक सोपे जातील तशा त्या जोडल्या होत्या. मात्र एक मर्यादा त्याने पाळली होती. अशा मेमरीतील आशय टिकण्यासाठी तिच्या सर्व २५६ रांगा दर ४ मिलिसेकंदांत एकदा तरी वाचल्या गेल्या पाहिजेत. या कार्डावर त्यासाठी वेगळी व्यवस्था नव्हती, चित्र काढण्यासाठी होणारे वाचन हेच काम करत होते, आणि म्हणून पत्त्याचे सर्वांत वेगाने बदलणारे ८ बिट रांगेसाठीच राखलेले होते. मी आकृती नीटनेटकी करण्याच्या नादात क्रम सरळ केला असता आणि रांगेसाठी वरचे बिट घेतले असते, तर नवे कार्ड काही क्षणांतच चित्र विसरले असते.

आणखी दोन विचित्र गोष्टी मी जशाच्या तशा ठेवल्या. एका सिग्नलच्या वाटेत दोन इन्व्हर्टर एकामागे एक होते, म्हणजे उलट केलेले पुन्हा सुलट केलेले, आणि त्याच सिग्नलवर बोर्डाच्या मागच्या बाजूला ४७ पिकोफॅरडचा एक कपॅसिटर कारखान्यातच हाताने जोडलेला होता. तर्काच्या दृष्टीने दोन्हींचा उपयोग शून्य आहे. पण ७४एलएस०४ च्या एका इन्व्हर्टरमधून जायला सिग्नलला दहा नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो, आणि हा सिग्नल मेमरीला पत्त्याचा दुसरा भाग घ्यायला सांगणारा होता. तो पहिल्या भागापाठोपाठ फार लवकर पोहोचू नये यासाठी ही योजना होती. डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंबाबत मी इतकी काळजी घेत होते, हे इथे मुद्दाम नोंदवते, कारण पुढची चूक न दिसणाऱ्या वस्तूची आहे.

सॉकेटमध्ये असलेल्या चारच चिप्स होत्या: ६८४५, अक्षरांची रॉम आणि दोन पॅल. रॉम म्हणजे २७३२ जातीची ४ किलोबाइटची इप्रॉम होती. अशा चिपमध्ये आशय विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो भार दशकांनंतर झिरपू शकतो, म्हणून तिची प्रत मी सर्वांआधी काढून ठेवली होती. २५६ अक्षरांना प्रत्येकी ८ बाइट याप्रमाणे एका अक्षरसंचाला २,०४८ बाइट पुरतात, आणि या रॉममध्ये जाड व बारीक असे दोन संच होते.

पॅल हा या कामातील खरा बंद दरवाजा होता. मोनोलिथिक मेमरीज या कंपनीने १९७८ साली आणलेल्या या चिप्समध्ये आतील बारीक फ्यूज जाळून रचनाकार स्वतःचे तर्कसूत्र भरू शकतो. सूत्र भरून झाल्यावर सुरक्षेचा एक फ्यूज जाळला की ते पुन्हा वाचता येत नाही, आणि माझ्या दोन्ही पॅलमध्ये तो जाळलेला होता. अशा वेळी चिपला प्रश्न विचारून उत्तरे गोळा करावी लागतात. पॅल १६एल८ ला १० निव्वळ इनपुट आणि ८ आउटपुट असतात, आणि त्या ८ पैकी ६ पिना दोन्ही दिशांनी चालू शकतात. कोणती पिन खरोखर आउटपुट आहे हे ओळखण्यासाठी तिला १० किलोओहमच्या रोधकातून एकदा वर आणि एकदा खाली ओढायचे. ती आपल्या ओढण्याप्रमाणे हलली तर तिला आतून कोणी चालवत नाही, आणि आपल्या जागी ठाम राहिली तर ते आउटपुट आहे. मग एका मायक्रोकंट्रोलरने इनपुटच्या सर्व जुळण्या क्रमाने देऊन सत्यता सारणी, म्हणजे कोणत्या इनपुटला कोणते आउटपुट येते याची यादी, नोंदवून घ्यायची.

दुसरी पॅल १६आर४ होती. तिच्यात एकेक बिट लक्षात ठेवणारे चार फ्लिपफ्लॉप असतात, म्हणजे जास्तीत जास्त १६ अवस्था असतात. प्रत्येक अवस्थेतून प्रत्येक इनपुट देऊन पुढची अवस्था कोणती ते पाहत गेले, आणि दोन रात्रींत तिचा संपूर्ण नकाशा तयार झाला.

१६एल८ मात्र अडून बसली. सारणी चढत्या क्रमाने घेतली तेव्हा एक उत्तर आले आणि उतरत्या क्रमाने घेतली तेव्हा तीन आउटपुटांचे उत्तर बदलले. चिप खराब आहे की काय या शंकेने मी दोन दिवस अस्वस्थ होते. नंतर बोर्डावरील जोडण्या पुढे ठेवून पाहिल्यावर उलगडा झाला. तिच्या दहा इनपुटांवर पत्त्याच्या खालच्या चार तारा, पोर्टसमूह निवडल्याचा सिग्नल, लेखनाचा सिग्नल, रीसेट, आणि डेटाच्या ४, ५ व ६ क्रमांकाच्या तारा येत होत्या. ३डीडी पोर्टचे रजिस्टर म्हणजे वेगळी चिप नव्हती. या पॅलनेच आपली तीन आउटपुटे स्वतःकडे परत वळवून तीन लॅच, म्हणजे एकेक बिट धरून ठेवणारी सर्किटे, तयार केले होते, आणि म्हणून तिचे उत्तर तिच्या पूर्वस्थितीवर अवलंबून होते. पूर्वस्थितीही इनपुट म्हणून धरून मी सारणी नव्याने घेतली आणि या वेळी सर्व उत्तरे सुसंगत आली.

एक पिन राहिली होती. ती आउटपुट होती, ३डीडी पोर्टवर लेखन होत असताना तेवढ्यापुरती खाली जात होती, पण बोर्डावर तिच्यापासून एकही ट्रॅक निघत नव्हता. सॉकेटखाली वाट लपली असेल म्हणून मी ती सर्व पिनांशी तपासली, आणि ती खरोखर कुठेच जोडलेली नव्हती. पुढच्या सुधारित कार्डासाठी राखून ठेवलेला सिग्नल असावा, असे मी वहीत लिहिले आणि नव्या चिपच्या सूत्रांतून ती पिन वगळली. पॅलच्या जागी मी गॅल १६व्ही८ ही तशीच, पण पुन्हा पुन्हा भरता येणारी चिप वापरणार होते, आणि तिच्यात प्रत्येक आउटपुटसाठी १६एल८ प्रमाणेच ७ पदे, म्हणजे सूत्रातील अटींचे सात गट, मिळतात. सारणीवरून सूत्रे काढून ती संगणकाकडून लहान करून घेतली तेव्हा प्रत्येक लॅचची बरोबर ७ पदे झाली. इतके नेमके बसले याचा मला त्या दिवशी आनंद झाला होता.

बोर्डाची आखणी करताना मी मूळ ट्रॅकच्या वळणांचा मागोवा घेतला, कारण सिग्नलांना लागणारा वेळ त्या वाटांवरही अवलंबून असतो. बोर्डाची जाडी १.६ मिलिमीटर ठेवली, पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा आणि कडेला उतार देण्यास सांगितले, आणि छपाईच्या थरावर ही पुनर्निर्मिती असल्याचे ठळक लिहिले. जुन्या दुर्मीळ वस्तूंच्या व्यवहारात अशी प्रत कोणी मूळ म्हणून पुढे करू नये, यासाठी ही खूण केवळ छापलेली नसावी, तांब्यातही कोरलेली असावी असे माझे मत आहे. त्याच विचाराने अक्षरांच्या रॉममधील आशय मी आकृतीबरोबर कोणाला दिला नाही. बोर्ड मी मोजून आणि पारखून नव्याने आखला होता, पण अक्षरे दुसऱ्या कोणाची तरी जशीच्या तशी होती.

नवा बोर्ड जोडून झाल्यावर प्रथम ५ व्होल्ट आणि जमीन यांच्यातील रोध मोजला, मग मर्यादित प्रवाह देणाऱ्या वीजपुरवठ्यावर तो एकटा चालवला, आणि त्यानंतरच एका साध्या, गमावले तरी चालेल अशा मदरबोर्डमध्ये बसवला. पडद्यावर अक्षरे आली, पण प्रत्येक अक्षरातील दोन उभ्या रेघांची अदलाबदल झालेली होती. चित्रपद्धतीत मात्र सर्व ठीक होते, म्हणून दोष रॉम आणि तिच्या पुढच्या शिफ्ट रजिस्टरमधील तारांपुरता उरला. चिपखालचे दोन ट्रॅक मी उलट नोंदवले होते, आणि हीच अदलाबदल मेमरीत झाली असती तर कधीच कळली नसती. ते दोन ट्रॅक कापून तारांनी सांधले. आडव्या रेघांची वारंवारता १५.७ किलोहर्ट्झ आली. १४.३१८१८ मेगाहर्ट्झच्या ठोक्याला एका रेघेतील ९१२ ठिपक्यांनी भागले की हाच आकडा येतो, आणि त्याला २६२ रेघांनी भागले की सेकंदाला जवळपास ६० चित्रे होतात.

मग १६ रंगांची पद्धत चालू केली आणि ती चालली. पुन्हा चालू केली तेव्हा चालली नाही. तिसऱ्यांदा चालली. दिवसभर पाहिल्यावर लक्षात आले की बहुतेक वेळा ती चालते आणि मधूनच कधीतरी आज्ञा दिल्यावरही कार्ड सीजीएच्याच पद्धतीत राहते. मूळ पॅल तिच्या सॉकेटमधून काढून नव्या बोर्डावर बसवली तर दोष नाहीसा होई, आणि माझी गॅल लावली की परत येई. म्हणजे बोर्ड निर्दोष होता आणि चूक त्या एका चिपमध्ये होती, जिची सत्यता सारणी मूळ चिपशी शेवटच्या ओळीपर्यंत जुळत होती.

३डीडी पोर्ट परत वाचता येत नाही, त्यामुळे लॅचच्या आउटपुटवर एक मायक्रोकंट्रोलर जोडून मी मोजणी केली. एका बिटात दहा हजार वेळा १ लिहिला तेव्हा काही डझन वेळा तो ० होऊन बसला. ० मात्र दहा हजारांत एकदाही १ झाला नाही. या एकतर्फी वागण्यानेच मला दिशा दिली. माझा साधा लॉजिक ॲनालायझर सेकंदाला २.४ कोटी नमुने घेतो, म्हणजे त्याला ४० नॅनोसेकंदांहून लहान घडामोड दिसेलच असे नाही. त्यात एवढेच दिसले की लेखनाचा सिग्नल संपतो त्याच क्षणी लॅच पडतो. सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर मात्र जे लेखन टिकत होते त्यांतही, नेमक्या त्याच क्षणी, आउटपुटवर एक अगदी अरुंद खाच दिसत होती.

लॅचचे सूत्र मुळात दोन भागांचे असते. लेखन चालू असेल तर डेटा घे, आणि लेखन बंद असेल तर पूर्वीचे मूल्य धरून ठेव. डेटा १ असताना लेखन संपते तेव्हा पहिला भाग सोडून देतो आणि दुसरा भाग पकडतो. चिपच्या आत सिग्नलचे सुलट आणि उलट रूप एकाच क्षणी पोहोचत नाही, म्हणून मध्ये काही नॅनोसेकंद असे येऊ शकतात की पहिल्याने सोडले आहे आणि दुसऱ्याने अजून पकडलेले नाही. तेवढ्यात आउटपुट ० कडे झुकते, तेच परत आत येते, आणि लॅच ० धरून ठेवतो. मूल्य आधीच ० असेल तर या पोकळीत गमावण्यासारखे काही नसते. यावरचा उपाय म्हणजे तिसरे पद: डेटा १ असेल आणि पूर्वीचे मूल्यही १ असेल, तर लेखन काहीही असो, १ च ठेव. हे पद पहिल्या दोघांच्या मधला सांधा झाकते. मात्र तर्काच्या दृष्टीने ते पूर्णपणे अनावश्यक असते, त्याने सारणीतील एकही ओळ बदलत नाही, आणि म्हणून सूत्र लहान करणारा प्रोग्रॅम त्याला प्रथम काढून टाकतो. सारणी कितीही काळजीपूर्वक घेतली तरी मूळ चिपमध्ये ते होते की नाही हे तिच्यातून कळू शकत नाही.

मी ते पद घालायला गेले आणि जागा नव्हती. ३डीडीवर लेखन होत आहे हे ठरवण्यासाठी सहा गोष्टी जुळाव्या लागतात: समूहाची निवड, लेखनाचा सिग्नल आणि पत्त्याच्या चार तारा. त्या सहांपैकी एकही न जुळली तरी पूर्वीचे मूल्य धरायचे, म्हणून धरण्यासाठीच सहा पदे लागतात. डेटा घेण्याचे एक मिळून सात होतात, आणि आठव्याला जागा नसते. सहा गोष्टींचा मिळून एकच सिग्नल आधी तयार केला, तो एका आउटपुटवर आणला आणि तिथून परत आत घेतला, तरच लॅचचे सूत्र तीन पदांत मावते. त्यासाठी एक पिन खर्च करावी लागते, आणि त्या पिनेला बोर्डावर कुठेही जाण्याचे कारण नसते.

मी वही उघडून तो जुना शेरा पुन्हा वाचला. ती पिन पुढच्या कार्डासाठी राखलेली नव्हती. दोनच भागांच्या लॅचला तिची गरज पडली नसती, कारण ते सात पदांत तिच्याशिवाय बसतात, हे मीच करून दाखवले होते. रचनाकाराने ती खर्च केली, ती तिसऱ्या पदाला जागा करण्यासाठी. मूळ चिपमधील जे पद वाचण्याचा एकही मार्ग नव्हता, त्याची साक्ष ती न जोडलेली पिन देत होती, आणि मी तीच वगळली होती.

नव्या सूत्रांत ती पिन परत आली, तिसरे पद आले, आणि त्या तीन लॅचपुरती सूत्र लहान करण्याची सोय बंद केली. या वेळी मी एक लाख वेळा १ लिहिला आणि एकही गळला नाही. ऑसिलोस्कोपवरची खाचही गेली होती. १६ रंगांच्या पट्ट्या रात्रभर चालू ठेवल्या, मग ६४० ठिपक्यांची ४ रंगांची पद्धत तपासली, मग दोन्हींमध्ये सतत ये-जा करणारा प्रोग्रॅम आठवडाभर चालवला. मूळ पॅल तिच्या कार्डात परत बसवली, ते कार्ड शेवटचे एकदा चालू करून पाहिले, आणि ते नीट उजळल्यावर स्थिर विजेपासून जपणाऱ्या पिशवीत ठेवले.

आकृतीच्या शेवटच्या पानावर त्या पिनेपासून एक लहानशी रेघ निघते आणि तिथेच थांबते. तिच्या शेजारी मी लिहिले आहे: बोर्डावर जोडणी नाही, आतील वापरासाठी आवश्यक, काढू नये. तेच वाक्य सूत्रांच्या फाइलमध्ये तिसऱ्या पदाच्या वरही आहे.